दुपारचा पहारा

खैरवाडी, केनवडजवळ
३ नोव्हेंबर २०२५

ती. दौलतकाकाजींना राधिकाचा नमस्कार.

तुमच्या कानाला फोन लावला की नुसती शिट्टी वाजते असं तुम्ही म्हणता, म्हणून हे पत्र. उद्या धीरज मेथी आणि सांबार घेऊन वाशीमच्या बाजारात येत आहेत. शहरात कोथिंबीर म्हणतात त्या सांबाराची एक जुडी तुमच्यासाठी वेगळी बांधली आहे, तीही घ्या.

दिवाळी झाली म्हणायची. तुमच्या वहिनी, आमच्या आत्याबाई, गेल्यानंतरची पहिली, त्यामुळे घरात कढई चढवली नाही. शेजारच्या बायकांनी डबे आणून दिले. मामाजींनी त्यातलं काही खाल्लं नाही. ते आता मळ्यातल्या खोपीतच राहतात, कांद्याच्या वाफ्यांना पाणी देतात आणि बोलावलं तर जेवायला येतात. देवळात जाणं त्यांनी जुलैपासून सोडलं आहे. तुमचे थोरले भाऊ आहेत, तुम्हाला स्वभाव माहीत आहे. मी आग्रह करत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. मारुतीच्या देवळातला सप्ता अठ्ठावीस तारखेला बसतो आहे. तुम्हीच घालून दिलेली घडी तुम्हालाच सांगते, कारण समितीतल्या नव्या पोरांना ती बदलायची आहे. सात दिवस वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असली पाहिजे, ती खाली टेकवायची नाही, आणि कोणत्या वेळी कोणत्या घरचा माणूस वीणा घेऊन उभा राहील हे ठरलेलं. दुपारचा पहारा उकंडरावांच्या घरचा. त्यांच्या हातून वीणा घ्यायची ती मामाजींनी. तुम्ही हेडमास्तर होता तेव्हापासून असंच चाललं आहे.

जुलैत निंदणाला जाताना उकंडरावांची ट्रॉली नाल्याच्या रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्यात कलंडली आणि आत्याबाई वाहून गेल्या. बाकीच्या बायका हातपाय मोडून का होईना, वाचल्या. तेव्हापासून गाव उकंडरावांशी बोलत नाही. गिरणीत त्यांचं दळण सगळ्यांच्या शेवटी होतं. त्यांचा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली आहे. स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, केनवडला बाजारालासुद्धा पायी जातात. परवा त्यांची बायको मंजू सप्त्यासाठी गव्हाचं पोतं घेऊन देवळात आली, तर समितीच्या धनराजने ते उचलून पुन्हा तिच्या दारात नेऊन ठेवलं. म्हणाला, "सप्ता देवाचा हाये, वयनी. याच्यात तुमचे गहू नको."

मग सगळी मंडळी माझ्याकडे आली. देवळात सरपंचाचं काही चालत नाही हे त्यांनाही माहीत आहे, पण निर्णय कडू असला की तो बाईच्या तोंडून यावा असं वाटतं लोकांना. मी म्हटलं, घडी काकाजींची आहे, त्यांना विचारते. माझं मत मी मुद्दाम लिहीत नाही. तुमचं कळवा.

तुमची,
राधिका

*

वाशीम
७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राधिकास अनेक आशीर्वाद.

सांबार मिळाला. सुनेने त्याची चटणी करून संपवली, मला फक्त वास आला. तुझं अक्षर अजून सरपंचाचं झालं नाही, शाळेतल्या मुलीचंच आहे. हे कौतुक समज.

तुझं मत तू लिहिलं नाहीस, पण पत्राच्या वळणावरून ते मला दिसलं. पोत्याची गोष्ट सांगितलीस, मंजूचं नाव घेतलंस. मी तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले आहेत. कोणाला काय हवं आहे ते मला पहिल्या पानावर कळतं.

तर स्पष्ट लिहितो. या वर्षी उकंडाला वीणा देऊ नये. मी त्याच्यावर राग धरून हे लिहीत नाही. राग धरायचं वय गेलं. सकाळी उठतो, अंघोळ करतो, खिडकीपाशी बसून नाम घेतो. टाळ आता ऐकू येत नाही, पण मांडीवर हात आपटला की ठेका हाताला कळतो. एवढ्यावर माझं बरं चाललं आहे. मला कोणाशी काही हिशेब करायचा नाही.

पण वीणा कशी दिली जाते ते तू विसरलीस. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा गळ्यात घेतो, आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. त्याशिवाय ती हातातून हातात जात नाही. उकंडानंतर दादाचा पहारा. म्हणजे ज्याच्या गाडीत बायको गेली, त्याच्या पायाला दादाने हात लावायचा. सगळ्या गावासमोर. तू हे डोळ्यांपुढे आणलंस का? उकंडावर दया करताना तू दादाला कुठे उभं करते आहेस ते बघ.

आणखी एक विचारतो, राग मानू नकोस. जिल्हा परिषदेच्या निवडणुका येतील म्हणतात. उकंडाच्या भावकीची घरं गावात थोडी नाहीत. तुझ्या मनात तसं काही असेल तर ते देवळाबाहेर ठेव.

माझं हे पत्र समितीला वाचून दाखव. त्यांचाही घोर मिटेल आणि तुझाही.

तुझा काका,
दौलतराव

*

खैरवाडी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. काकाजी, नमस्कार.

तुमचं पत्र मी समितीला वाचून दाखवलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की काकाजींनी घडीत बदल सुचवलेला नाही. हे अर्धं खरं आहे, कारण तुम्ही कोणाच्या पहाऱ्याची वेळ बदला असं लिहिलं नाही. अर्धं खोटं आहे हे मलाही कळतं. ते माझ्या माथी.

निवडणुकीबद्दल तुम्ही विचारलंत. जिल्हा परिषद माझ्या डोक्यातही नाही, आणि पुढच्या वेळी सरपंचपद कोणाकडे जाईल ते आरक्षणाची चिठ्ठी ठरवेल. उकंडरावांची भावकी मला मत देत नाही, मागच्या वेळीही दिलं नव्हतं. आता राग संपला.

मी त्यांच्या घरी गेले होते. आत्याबाईंची एक रीत तुम्हाला आठवत असेल. दारात कोणी भांडायला आलं, रडायला आलं, की त्या आधी तांब्याभर पाणी पुढे करायच्या. तो माणूस पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही. मी नवी नवरी असताना मला ते विचित्र वाटायचं. सरपंच झाल्यावर कळलं की तीच त्यांची पूजा होती. मी ती उचलली आहे. गावात कोणी माझ्या अंगावर धावून आलं तरी मी आधी पाणी देते, आणि तेवढ्या वेळात माझ्याच मनातली निम्मी भांडणं विझतात.

उकंडरावांच्या घरी उलट झालं. मी दारात उभी राहिले आणि त्यांनीच मला पाणी दिलं. मी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, पहाऱ्याला येणार का? ते म्हणाले, "गाव म्हनन तसं. मले बलावलं तर येतो. नाई बलावलं तर घरीच नाव घेतो." मी म्हटलं, बोलावते आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. मामाजींचं काय? मी त्यांच्यावर काहीच लादणार नाही. त्यांचा पहारा त्यांच्या नावावर राहील. ते आले तर आले. पाया पडायचं की नाही तेही तेच ठरवतील.

आणि एक गोष्ट, जी मी धीरजनासुद्धा सांगितलेली नाही. ट्रॉलीत रंगूबाई होती, जिचा पाय मोडला. ती परवा माझ्यापाशी येऊन खूप वेळ बसली आणि मग म्हणाली, "राधिका, त्यानं गाडी थांबवली व्हती वं. म्हने पानी उतरू द्या. तुई सासूच म्हने, चाल नं रे, रोजचंच पानी हाये, निंदन राहून जाईन." उकंडरावांनी हे पोलिसांना सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलेलं दिसत नाही. गेलेल्या बाईवर बोट नको म्हणून चार महिने सगळ्या गावाचं ऐकून घेत आहेत. रंगूबाई भीतीने गप्प होती. गावाच्या उलट बोलायचं कसं, एवढीच तिची भीती.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. चुलीपुढे बसून मी आत्याबाईंशी भांडले, मोठ्याने.

तुमची,
राधिका

*

वाशीम
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राधिकास,

पत्र दोनदा वाचलं. तू माझं पत्र दाबून ठेवलंस हे मी शाळेत असतो तर माफ केलं नसतं. आता तो अधिकार नाही, आणि खरं म्हणजे रंगूबाईचं वाचल्यावर ते विसरूनही गेलो.

वहिनी तशीच होती. मी पाचवीत असताना ती आमच्या घरी आली. भाकरी अर्धी कच्ची असतानाच तव्यावरून काढून माझ्या हातात द्यायची, शाळेला उशीर होईल म्हणून. मी कितीदा तोंड भाजून घेतलं. पेरणी, निंदण, सोंगणी, काहीही असो, बांधावर सगळ्यांच्या आधी ती. तू ते वाक्य लिहिलंस आणि मला तिचा आवाज ऐकू आला. माझ्या कानांना आजकाल तेवढंच ऐकू येतं.

म्हणून सांगतो, ताबडतोब दादाला हे सांग. समितीला सांग. रंगूबाईला देवळात उभी कर आणि सगळ्यांसमोर बोलायला लाव. वाशीमच्या कोर्टात केस चालू आहे, वकिलालाही कळव. निरपराध माणूस चार महिने वाळीत टाकल्यासारखा जगतो आहे आणि त्याची सुटका तुझ्या पदरात बांधलेली आहे. कशाची वाट बघतेस? तू सांगत नसशील तर मी दादाला पत्र लिहितो.

दौलतराव

*

खैरवाडी
१९ नोव्हेंबर २०२५

ती. काकाजी,

लिहू नका. तुम्ही लिहिलंत तरी मी ते मामाजींना वाचून दाखवणार नाही, आणि त्यांचा चष्मा आत्याबाई गेल्यापासून सापडत नाही.

वकिलाला कळवलं आहे. रंगूबाई कोर्टात बोलायला तयार आहे, तिथे तिने बोललंच पाहिजे. कोर्टाचं काम ते आहे. त्यासाठी मी तुमचंच ऐकलं.

देवळाचं वेगळं आहे. उकंडरावांना मी विचारलं, रंगूबाईने मला सगळं सांगितलं आहे, गावाला सांगू का? ते एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "नाई ताई. स्टेरिंग माया हातात व्हतं. कोनी काई बी म्हनो, गाडी मी घातली. बुवाले हे सांगशीन तर त्यायचं जे उरलं हाये तेबी जाईन." बुवा म्हणजे मामाजी. बायकोच्याच घाईने बायको गेली, हे ओझं मामाजींच्या डोक्यावर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या माणसाने जे तोंडातून काढलं नाही ते मी देवळात ओरडून सांगू का?

आणि मामाजींना पुरावा दाखवून देवळात आणलं तर ते येतील. पण मग ते आले असं होणार नाही, मी आणलं असं होईल. धनराजही पुढे होऊन पाया पडेल, आणि उद्या दुसऱ्या कोणाची खरीच चूक झाली तर त्याच्या दारात पुन्हा पोतं नेऊन ठेवेल.

माझं चुकत असेल. रोज पहाटे मारुतीच्या ओट्यावर बसते, तेव्हा हाच विचार येतो की मी माझ्या शहाणपणासाठी दोन म्हाताऱ्या जिवांना खेळवते आहे का. मग उठून ग्रामपंचायतीत जाते. नळाची मोटर जळली आहे, लोकांना टँकर हवा असतो, ते बघावं लागतं.

तुमचा राग मला कळतो. सप्ता होईपर्यंत थांबा, एवढं मागते.

राधिका

*

खैरवाडी
३० नोव्हेंबर २०२५

ती. काकाजींना नमस्कार.

सप्ता बसला. तुमचं उत्तर आलं नाही, पण मामाजींनाही पत्र आलं नाही. त्यावरून मी जे समजायचं ते समजले.

पहिल्या दिवशी दुपारी उकंडराव अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. आधीच्या पहाऱ्याला त्यांच्याच भावकीतला एक पोरगा होता. त्याने वीणा दिली, पाया पडला आणि घाईने निघून गेला. टाळकरी म्हणून पाचसहा जण असतात ते त्या वेळी कोणीच नव्हते. सगळ्यांना एकाच वेळी जेवायला जायचं होतं. मी टाळ घेतला आणि समोर उभी राहिले. मला टाळ धड वाजवता येत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही ते बरंच आहे.

त्यांचा पहारा संपला. मामाजी आले नाहीत. समितीने धीरजना निरोप पाठवला की तुम्ही मुलगा आहात, वडिलांच्या जागी या. धीरज म्हणाले, "बाबाचा पहारा हाये, बाबा येतीन. मी कायले मधात पडू?" त्यांच्या मनात काय आहे मला नीट माहीत नाही. त्यांची आई होती ती. मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

मग उकंडराव तसेच उभे राहिले. मामाजींच्या वाट्याचा सगळा वेळ. संध्याकाळच्या पहाऱ्याला धनराज आला. त्याने वीणा गळ्यातून काढून घेतली, पण वाकला नाही. एसटीत सीटवरची पिशवी उचलावी तशी उचलली. उकंडरावांनी मात्र त्याच्या पायाला हात लावला. धनराज त्यांच्या निम्म्या वयाचा आहे. धनराज पाय मागे घेऊ शकला नाही, मागे भिंत होती.

काल तसंच झालं आणि आजही. मी त्यांना म्हटलं, मी घेते वीणा, तुम्ही बसा. बायकांनी वीणा घ्यायची रीत आपल्याकडे नाही, पण कोणी अडवलं नसतं. ते म्हणाले, "पहारा बुवाचा हाये. ते येईलोक मी उभा राह्यतो. मले तेवढं करू दे, ताई." त्यांचे पाय सुजले आहेत. आज चालताना भिंतीला हात लावत होते.

दोन बायका आज टाळ घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एक रंगूबाई, काठी टेकत. दुसरी मंजू. बाकी गाव देवळाच्या पारावरून बघतं.

मामाजींच्या कांद्याच्या वाफ्यातून देऊळ दिसतं आणि वीणा ऐकू येते. तीन दिवस त्यांनी त्याच वाफ्यांना पाणी दिलं. वाफे तुंबले आहेत.

राधिका

*

वाशीम
१ डिसेंबर २०२५

चि. राधिकास,

धीरज मेथी उतरवून उभा आहे, त्याला थांबवून लिहितो आहे. त्यामुळे अक्षर बघू नकोस.

हे बंद कर. मी उकंडाला वीणा देऊ नये म्हणालो होतो, ते माझं चुकलं असं समज हवं तर. पण तू जे चालवलं आहेस ते त्याहून कठीण आहे. माणूस कोसळेल. पहाऱ्यांची घडी माझी आहे ना? मग मी बदलतो. दादाचा पहारा मी माझ्या नावावर घेतो आणि माझ्या जागी धनराजला उभा करतो. मला गावातून कोणी नाही म्हणणार नाही.

तू म्हणशील, मग स्वतः या ना काकाजी. गुडघ्याचं कारण मी पाच महिने देतो आहे. गुडघा दुखतो हे खोटं नाही. पण मला यायचं नाही, कारण घरात शिरलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर आहे आणि तिथे वहिनी नाही. अंत्यविधीला आलो तेव्हा तिकडे न बघता मागच्या दाराने गेलो. नाम घेऊन मन स्थिर झालं असं मी तुला लिहिलं होतं. खिडकीपाशी बसलं की होतं स्थिर. तिथून उठलं की नाही.

एवढं लिहून टाकलं. धीरज घाई करतो आहे, आईवर गेला आहे.

दौलतराव

*

खैरवाडी
३ डिसेंबर २०२५

ती. काकाजी,

तुमची चिठ्ठी समितीला दाखवायची वेळ आली नाही. झालं ते जसं झालं तसं लिहिते.

काल दुपारी उकंडरावांचा पहारा संपत आला होता. मी, मंजू, रंगूबाई आणि आणखी चारपाच बायका टाळ घेऊन होतो. टाळ वाजवणं मला आता थोडं जमतं. देवळाबाहेरच्या नळावर पाणी पडल्याचा आवाज आला. कोणीतरी पाय धूत होतं. मी बघितलं नाही. पारावरची माणसं बोलायची थांबली, तेव्हा बघितलं.

मामाजी होते. टोपी घातली होती. ती ट्रंकेतून काढलेली होती, घडी दिसत होती. ते आत आले आणि उकंडरावांसमोर उभे राहिले. उकंडरावांनी मान खाली घातली होती, वीणेची तार मात्र चालू होती.

मग मामाजी वाकले. सावकाश, एक हात खांबाला धरून. उकंडरावांच्या सुजलेल्या पायाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि उठायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "दे आता. थकला असशीन."

उकंडरावांना वीणा सोडता येईना. बोटं आखडली होती की काय, ठाऊक नाही. मामाजींनी एकेक बोट सोडवलं. सोडवता सोडवता अगदी हळू बोलले. मी दोन हातांवर होते म्हणून ऐकलं, पारावर ऐकू गेलं नसेल. "सोड नं, उकंडा. तिले सदाचीच घाई होती. मले का मालूम नाई? घरातून निंघतानी बी जेवली नव्हती."

काकाजी, मी त्यांना सांगितलं नव्हतं. रंगूबाई शपथ घेते, तिनेही नाही. तुम्ही लिहिलं होतं का?

वीणा गळ्यात घेऊन मामाजी ठेक्यावर पावलं टाकू लागले. उकंडराव त्यांच्या पाया पडले ते उठलेच नाहीत. मामाजी त्यांच्याभोवतीच फिरत राहिले, पाय लागणार नाही असे. शेवटी धीरज पारावरून आत आले, त्यांनी उकंडरावांना काखेत हात घालून उठवलं, बाहेर नेलं आणि पाणी पाजलं. मी टाळ थांबवला नाही. थांबवला असता तर तिथेच रडले असते. घरी येऊन रडले, पोटभर.

संध्याकाळी धनराज मामाजींकडून वीणा घ्यायला आला. वाकला, वीणा घेतली, आणि मग पारावर उकंडराव बसले होते तिकडे बघून तसाच पुन्हा वाकला, लांबूनच. गव्हाचं पोतं आज सकाळी देवळात आलं आहे. तेही धनराजनेच खांद्यावरून आणलं.

परवा काला आहे. तुम्ही याच असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघर डाव्या हातालाच आहे, ते मला हलवता येत नाही.

तुमची,
राधिका

*

वाशीम
४ डिसेंबर २०२५

चि. राधिकास आशीर्वाद.

मी लिहिलं नव्हतं. लिहायला एकदा बसलो होतो, पण तुझी धमकी आठवली. दादाला कोणी सांगण्याची गरजच नव्हती. तो त्या बाईबरोबर पन्नास वर्षं राहिला. ट्रॉली थांबली असणार आणि तिनेच चल म्हटलं असणार, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं असेल. तू आणि उकंडा जे त्याच्यापासून लपवत होता, ते घेऊनच तो वाफ्यांना पाणी देत होता. आणि मी इथे खिडकीत बसून त्याची इभ्रत सांभाळत होतो. हे सगळं आता हसण्यासारखं आहे, पण मला हसू आलं नाही. तुझं पत्र सुनेला वाचायला दिलं आणि मी गच्चीवर जाऊन बसलो.

काल्याला येतो. एसटी बदलावी लागते, कंडक्टर काय ओरडतो ते मला कळत नाही, मागच्या वेळी मी शिरपूरला उतरलो होतो. तेव्हा गाडी पाठव. धीरजची भाजीची गाडी चालेल.

धीरजला पाठवू नकोस. उकंडाला पाठव. त्याला सांग, मास्तर मागे बसणार नाहीत, पुढे त्याच्या शेजारी बसतील. रस्ता रपट्यावरूनच घ्यायचा. मला तिथे थोडं उतरायचं आहे आणि हाताला धरायला कोणी लागेल.

तो नाही म्हणाला तर आग्रह करू नकोस. मग मी शिरपूरला उतरतो आणि तिथून बघतो.

काका

*

खैरवाडी
५ डिसेंबर २०२५, सकाळी

ती. काकाजी,

हे पत्र पोस्टाने नाही, मेथीबरोबरही नाही. ज्यांनी तुमच्या हातात दिलं ते दारात उभे असतील.

तुमचा निरोप सांगितल्यावर ते उठले. घरी गेले. मी समजले की नाही म्हणाले. पहाटे मी ओट्यावर बसले होते तेव्हा गाडीचा आवाज आला. गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. किल्ली धीरजनी रात्रीच नेऊन दिली होती, मला न सांगता. मामाजी रपटा ओलांडेपर्यंत त्यांच्यासोबत गाडीत बसून गेले आणि पलीकडे उतरून चालत परत आले. पाणी नाही, रपटा कोरडा आहे.

ते वाटेत बोलणार नाहीत आणि तुम्हाला ऐकू येणार नाही, त्यामुळे तुमचं दोघांचं जमेल.

निघायची घाई करू नका. आधी त्यांना तांब्याभर पाणी द्या आणि ते पिऊन होईपर्यंत काही बोलू नका.

राधिका